सिंगापूरमध्ये कंपनी काढताना : भारतातील नोंदींपासून तिथल्या बँक खात्यापर्यंत

सिंगापूरमध्ये खासगी मर्यादित कंपनीची नोंदणी, कागदपत्रे नीट असतील तर, बहुतेक वेळा एका दिवसात होते. नेमकी हीच सोय अनेक भारतीय उद्योजकांना अडचणीत आणते. नोंदणी झाली म्हणजे कंपनी उभी राहिली असे समजून ते पुढचे करार करतात, ग्राहकांना नव्या नावाची बिले पाठवतात, आणि भारतातून भांडवल पाठवण्याची वेळ आली की बँकेतला अधिकारी असा काही प्रश्न विचारतो ज्याचे उत्तर त्यांनी नोंदणीच्या आधी शोधायला हवे होते. भांडवल कोणाच्या नावाने, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या नोंदीखाली जाणार, हा तो प्रश्न. पुण्यात अशा प्रकरणांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ सिंगापूरच्या कायद्यात नव्हते. ते भारतातली कामे मागाहून करू म्हणून पुढे ढकलण्यात होते. म्हणून या लेखात आधी भारतातली बाजू घेतली आहे.

गुंतवणूकदार कोण, हे आधी ठरवा

भारतातून परदेशी कंपनीत होणाऱ्या गुंतवणुकीचे नियम केंद्र सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने २२ ऑगस्ट २०२२ रोजी नव्याने लागू केले. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या, म्हणजे फेमाखालच्या, या नियमांत गुंतवणूकदारांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला ‘भारतीय संस्था’, म्हणजे कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी किंवा कायद्याने स्थापन झालेले निगम मंडळ. दुसरा निवासी व्यक्ती. एकल मालकीचा व्यवसाय, म्हणजे प्रोप्रायटरशिप, पहिल्या प्रकारात बसत नाही. हळद, बेदाणा किंवा मसाल्यांची निर्यात करणारे आपल्याकडचे कित्येक व्यापारी एकल मालकीवरच काम करतात. उलाढाल कितीही मोठी असली तरी अशा व्यापाऱ्याची परदेशी गुंतवणूक व्यक्तीची गुंतवणूक म्हणूनच मोजली जाते.

या भेदाचे परिणाम दूरवर जातात. भारतीय संस्थेला शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय आर्थिक बांधिलकी स्वीकारता येते, मात्र तो ताळेबंद १८ महिन्यांपेक्षा जुना नसावा लागतो. निव्वळ मालमत्ता १ कोटी रुपये असेल तर समभाग, कर्ज आणि हमी मिळून ४ कोटींपर्यंत मजल मारता येते. व्यक्तीसाठी मात्र उदारीकृत प्रेषण योजनेची, म्हणजे एलआरएसची, आर्थिक वर्षाला २,५०,००० अमेरिकी डॉलरची मर्यादा लागू होते. मुलीच्या परदेशी शिक्षणाचा खर्च, सहलीसाठी घेतलेले परकीय चलन, नातेवाइकाला पाठवलेली भेट हे सगळे त्याच मर्यादेतून वजा होते, याचा अनेकांना विसर पडतो. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून या योजनेखाली वर्षभरात १० लाख रुपयांवर जाणाऱ्या गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. तो प्राप्तिकरात वळता होतो हे खरे, परंतु तोपर्यंत तेवढा पैसा अडकून पडतो आणि खेळत्या भांडवलाच्या हिशेबात ही गोष्ट धरावी लागते.

रकमेच्या मर्यादेहून महत्त्वाचे आहे ते पुढचे बंधन. निवासी व्यक्तीला परदेशी कंपनीत समभाग घेता येतात, पण त्या कंपनीला स्वतः कर्ज देता येत नाही किंवा तिच्यासाठी हमी देता येत नाही. जिथे व्यक्तीचे नियंत्रण आहे अशा परदेशी कंपनीला पुढे उपकंपनी काढता येत नाही, आणि वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत काही मोजके अपवाद सोडता व्यक्तीला गुंतवणूक करता येत नाही. म्हणजे सिंगापूरच्या कंपनीखाली दोन वर्षांनी इंडोनेशियात किंवा व्हिएतनाममध्ये कंपनी काढण्याचा विचार मनात असेल, तर आजच भारतातील खासगी मर्यादित कंपनी किंवा एलएलपी पुढे करावी. नंतर समभाग व्यक्तीकडून संस्थेकडे वर्ग करायचे तर मूल्यांकन, कर आणि नव्या नोंदी यांचा खर्च वेगळा पडतो.

काही व्यवसायांना या मार्गाने मज्जावच आहे. स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, कोणत्याही स्वरूपाचा जुगार आणि रिझर्व्ह बँकेच्या खास मंजुरीविना रुपयाशी निगडित वित्तीय उत्पादने हे व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपनीत भारतातून थेट गुंतवणूक करता येत नाही. आणि ज्यांचे बँक खाते थकीत आहे किंवा ज्यांची सीबीआय, ईडी वा एसएफआयओ या गंभीर आर्थिक गुन्ह्यांच्या तपास यंत्रणेकडून चौकशी चालू आहे त्यांना संबंधित बँकेचे किंवा यंत्रणेचे ना-हरकत पत्र लागते. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर हरकत नसल्याचे मानले जाते.

पैसा जाण्याचा मार्ग

भारतीय संस्था कंपनी असेल तर पहिले काम संचालक मंडळाच्या ठरावाचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८६ खाली अशा गुंतवणुकीला बैठकीतील उपस्थित सर्व संचालकांची संमती लागते. ठरावात गुंतवणुकीची कमाल रक्कम, परदेशी कंपनीचे प्रस्तावित नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि सही करणाऱ्या व्यक्तीचे नाव स्पष्ट लिहावे. संदिग्ध ठराव बँक परत पाठवते.

यानंतर एक अधिकृत डीलर बँक, म्हणजे बोलीभाषेत एडी बँक, निवडावी लागते. त्या परदेशी कंपनीसंबंधीचे सगळे व्यवहार पुढे याच बँकेतून करायचे असतात. म्हणून केवळ घराजवळची शाखा म्हणून निवड करू नका. ज्या शाखेत परकीय चलनाचे स्वतंत्र काउंटर आहे आणि जिथे अशी प्रकरणे नेहमी होतात तिथे जा. बँक परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून घेते, रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीवर त्याची नोंद करते आणि परदेशी कंपनीसाठी यूआयएन हा ओळख क्रमांक मिळवते. हा क्रमांक मिळाल्याशिवाय भांडवलाचा एक डॉलरही पाठवू नये.

हे इतक्या ठामपणे लिहिण्यामागे एक प्रकरण आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निर्यातदाराने आपल्या सिंगापूरवासी मित्राच्या खात्यात रक्कम पाठवली होती. परदेशात पैसे पाठवताना भरायच्या फॉर्म ए-२ मध्ये त्याचे कारण लिहिण्याचा जो लहानसा रकाना असतो, त्यात बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून ‘नातेवाइकांचा निर्वाह’ असे लिहिले गेले, कारण त्या कारणाखाली सगळ्यांत कमी कागद लागतात. मित्राने तीच रक्कम कंपनीच्या खात्यात भागभांडवल म्हणून भरली. दोन वर्षे व्यवसाय उत्तम चालला. पहिला लाभांश भारतात आला तेव्हा बँकेने यूआयएन मागितला आणि तो नव्हताच. आधीची रक्कम गुंतवणूक म्हणून दाखवायची तर मूळ फॉर्मवरचे कारणच वेगळे. शेवटी त्यांना रिझर्व्ह बँकेकडे चूक कबूल करून दंड भरण्याच्या, म्हणजे कंपाउंडिंगच्या, प्रक्रियेतून जावे लागले. व्यवहारात लपवाछपवी नव्हती आणि पैसाही त्यांचा स्वतःचाच होता, तरी त्या एका रकान्यातल्या दोन शब्दांनी वर्षभराचा मनस्ताप दिला. फॉर्म ए-२ वर सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचा. तिथे परदेशातील थेट समभाग गुंतवणूक असेच कारण आले पाहिजे.

एक व्यावहारिक पेच इथे उभा राहतो. पैसे पाठवायला सिंगापूरच्या कंपनीचे खाते हवे, खात्यासाठी कंपनी नोंदलेली हवी आणि नोंदणीसाठी थोडे तरी भागभांडवल हवे. सिंगापूरच्या कायद्यात किमान भांडवल केवळ १ सिंगापूर डॉलर असल्याने हा पेच सुटतो. आधी एडी बँकेशी बोलून कागद निश्चित करावेत, ठराव करावा, मग अत्यल्प भांडवलावर कंपनी नोंदवावी, खाते उघडावे, फॉर्म एफसी देऊन यूआयएन घ्यावा आणि त्यानंतर मोठी रक्कम पाठवून नवे समभाग घ्यावेत. सुरुवातीचा तो एक किंवा शंभर डॉलरही त्याच फॉर्ममध्ये दाखवावा. सेवा पुरवठादाराचे शुल्क मात्र त्याच्या बिलावर स्वतंत्रपणे द्यावे; भांडवलात मिसळू नये.

रक्कम गेल्यापासून ६ महिन्यांच्या आत समभाग प्रमाणपत्राची प्रत एडी बँकेला द्यावी लागते. विलंब झाल्यास विलंब शुल्क भरून नोंद नियमित करता येते. पण ती नियमित होईपर्यंत बँक त्या कंपनीत पुढची रक्कम पाठवू देत नाही. धंदा ऐन भरात असताना ही अडवणूक फार महाग पडते.

सिंगापूरमधील नोंदणी

सिंगापूरमध्ये कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाला अक्रा म्हणतात आणि तिच्या ऑनलाइन प्रणालीचे नाव बिझफाइल. तिथल्या रहिवाशांकडे असलेली सिंगपास ही डिजिटल ओळख परदेशी व्यक्तीकडे नसल्याने स्वतः अर्ज करता येत नाही. नोंदणीकृत सेवा पुरवठादारामार्फतच जावे लागते. पुरवठादार अक्राकडे नोंदलेला आहे की नाही, हे त्याच्या जाहिरातीवरून न ठरवता अक्राच्या यादीत पाहावे.

नावाचा अर्ज १५ सिंगापूर डॉलरचा आणि नोंदणीचा ३०० डॉलरचा. मंजूर नाव १२० दिवस राखून ठेवले जाते. नावात बँक, वित्त, कायदा, शिक्षण असे शब्द असतील तर अर्ज संबंधित खात्याकडे जातो आणि दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. असा शब्द खरोखर गरजेचा नसेल तर टाळावा. बहुतेक व्यवसायांत १०० टक्के परदेशी मालकी चालते, स्थानिक भागीदार लागत नाही.

लागतो तो स्थानिक संचालक. किमान एक संचालक सिंगापूरचा सामान्य निवासी असणे बंधनकारक आहे: नागरिक, कायमचा रहिवासी किंवा योग्य कामाचा परवाना असलेला. इथे दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे सेवा पुरवठादाराकडून वार्षिक शुल्कावर नामधारी संचालक घेणे. २०२४ मध्ये संमत झालेला आणि ९ जून २०२५ पासून अमलात आलेला सेवा पुरवठादारांचा कायदा अशा संचालकाची पात्रता तपासण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकतो, आणि कोण कोणाच्या वतीने संचालक आहे याची नोंद अक्राकडे द्यावी लागते. दुसरा मार्ग आपल्या माणसांना जवळचा वाटतो : मावसभाऊ तिथे पंधरा वर्षे आहे, त्याला कायमचे निवासत्व आहे, तोच संचालक होईल. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु संचालकपद म्हणजे उपकार म्हणून केलेली सही नव्हे. वार्षिक विवरणपत्र चुकले तर नोटीस त्याच्या नावाने जाते, आणि त्याच्या नोकरीच्या करारात बाहेरचे संचालकपद घेण्यास मनाई असू शकते. नात्यातल्या माणसाला विचारताना हे सगळे त्याच्यासमोर ठेवा, त्याला लेखी हमीपत्र द्या आणि कामाचा मोबदलाही द्या. नाते टिकवायचे असेल तर हिशेब चोख असलेला बरा.

कंपनी सचिव नोंदणीपासून ६ महिन्यांत नेमावा लागतो. तो सिंगापूरनिवासी हवा, आणि कंपनीत एकच संचालक असेल तर तोच सचिव होऊ शकत नाही. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता प्रत्यक्ष जागेचा लागतो, टपालपेटीचा चालत नाही. २५ टक्क्यांहून अधिक समभाग किंवा मताधिकार असलेल्या व्यक्तींची ‘नियंत्रक’ म्हणून वेगळी नोंदवही ठेवावी लागते. भारतीय कंपनी गुंतवणूकदार असेल तर तिच्या मागे असलेल्या खऱ्या माणसांपर्यंत ही साखळी जाते, म्हणून पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे सुरुवातीलाच गोळा करून ठेवावेत. भारतीय कंपनीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण, मागितली गेली तर घाबरू नये. सिंगापूर २०२१ पासून हेग अपोस्टिल करारात आहे आणि भारत त्याआधीपासून, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरलेली नाही.

खरा वेळ बँक खात्यात जातो

नोंदणी एका दिवसात आणि खाते कित्येक आठवड्यांत, असा बहुतेकांचा अनुभव आहे. डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तिथल्या तीन मोठ्या स्थानिक बँका. पैसा कुठून येतो आणि कुठे जाणार, याची त्या बारकाईने चौकशी करतात, आणि नकार देताना बहुधा कारण सांगत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी दोन पानांचे टिपण तयार करावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्यात भारतातील व्यवसायाचा इतिहास, सिंगापूरच निवडण्याचे कारण, पहिल्या वर्षात अपेक्षित असलेले चार-पाच ग्राहक व पुरवठादार आणि त्यांचे देश, दरमहा किती रक्कम आत-बाहेर होईल याचा अंदाज आणि भांडवलाचा उगम एवढे मुद्दे पुरतात. सोबत सध्याच्या ग्राहकांचे दोन-तीन करार किंवा खरेदी आदेश जोडावेत. ‘आशियात व्यवसाय वाढवण्यासाठी’ या वाक्याला बँकेच्या दृष्टीने काहीच वजन नाही. ‘जकार्ता आणि मनिलामधील आमचे तीन ग्राहक अमेरिकी डॉलरमध्ये सिंगापूरहून बिल मागतात’ या वाक्याला आहे. टिपणातले आकडे फॉर्म एफसीमधील आकड्यांशी जुळलेच पाहिजेत.

करसवलत कोणाला मिळते

सिंगापूरचा कंपनी कर १७ टक्के आहे. नव्या कंपन्यांना पहिली तीन करनिर्धारण वर्षे मिळणारी सवलत, म्हणजे पहिल्या १ लाख सिंगापूर डॉलर उत्पन्नातील ७५ टक्के आणि पुढच्या १ लाखातील ५० टक्के करमुक्त, सगळ्या जाहिरातींत ठळक छापलेली असते. तिची अट मात्र तितकी ठळक नसते. भागधारक २० पेक्षा जास्त नसावेत, आणि ते सगळे व्यक्ती असावेत किंवा त्यांपैकी किमान एका व्यक्तीकडे थेट १० टक्के तरी समभाग असावेत. याचा सरळ अर्थ असा की भारतीय कंपनीच्या पूर्ण मालकीच्या उपकंपनीला ही सवलत मिळत नाही. तिला सर्वसाधारण सवलत मिळते : पहिल्या १० हजारांतील ७५ टक्के आणि पुढच्या १ लाख ९० हजारांतील ५० टक्के. प्रवर्तकाने वैयक्तिक नावाने १० टक्के समभाग घेतल्यास अट पूर्ण होऊ शकते, परंतु त्यासाठी त्याची एलआरएसखालील वेगळी गुंतवणूक आणि वेगळ्या नोंदी येतात, आणि वर सांगितलेली व्यक्तीवरची बंधनेही सोबत येतात. केवळ या सवलतीसाठी रचना गुंतागुंतीची करू नये, असे माझे मत आहे.

नियंत्रण कुठून चालते हा प्रश्नही करात येतो. सगळे निर्णय पुण्यातल्या कार्यालयात होत असतील, तर प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान भारत आहे असे धरून सिंगापूरच्या कंपनीवर भारतात कर आकारला जाऊ शकतो. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७ च्या परिपत्रकाने यातून वगळले आहे. तरीही संचालक मंडळाच्या बैठका खरोखर सिंगापुरात घेण्याची आणि इतिवृत्त तिथेच ठेवण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी, कारण तिथले कर-निवासी प्रमाणपत्रही याच आधारावर मिळते. भारतातील आणि सिंगापूरमधील कंपनीतले आपसातले व्यवहार बाजारभावाने झाल्याचे दाखवणारी कागदपत्रे, म्हणजे ट्रान्सफर प्रायसिंगची कागदपत्रे, हवीतच.

सिंगापूरचा वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि करपात्र उलाढाल १० लाख सिंगापूर डॉलरच्या पुढे गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. खाद्यपदार्थ आयात करणाऱ्यांना सिंगापूर फूड एजन्सीचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. आंबा-द्राक्षांपासून मसाल्यांपर्यंत सगळ्यांसाठी हे काम पहिला माल निघण्यापूर्वीचे आहे. भारतातून माणूस पाठवायचा असेल तर एम्प्लॉयमेंट पाससाठी, म्हणजे तिथल्या कामाच्या परवान्यासाठी, १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांना किमान पात्र वेतन दरमहा ५,६०० सिंगापूर डॉलर आहे, वय वाढेल तसे ते वाढते, आणि कंपास या गुणपद्धतीत ४० गुण मिळवावे लागतात. कंपनी स्वतःची आहे म्हणून पास मिळेलच, असे गृहीत धरू नये.

दरवर्षीच्या तारखा

सिंगापूरमध्ये आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत अंदाजे उत्पन्नाचे विवरण, ७ महिन्यांत अक्राकडे वार्षिक विवरणपत्र आणि ३० नोव्हेंबरपर्यंत कर विवरणपत्र असा क्रम असतो. भारतात एडी बँकेमार्फत वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर, ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा असतो, आणि भारतीय संस्थेला १५ जुलैपर्यंत परदेशी देणी व मालमत्तेचे एफएलए विवरणही भरावे लागते. व्यक्तीने प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात समभाग आणि सहीचा अधिकार असलेली परदेशी खाती दाखवली पाहिजेत. ती न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड येऊ शकतो.

यातली एक गफलत इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सिंगापूरमध्ये लहान कंपनीला लेखापरीक्षणातून सूट आहे : उलाढाल १ कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत, मालमत्ता १ कोटी डॉलरपर्यंत, कर्मचारी ५० पर्यंत, या तीनपैकी दोन अटी पुऱ्या झाल्या की पुरे, आणि कंपनी समूहाचा भाग असेल तर संपूर्ण समूहालाही त्या लागू पडाव्या लागतात. तिथला हिशेबनीस प्रामाणिकपणे सांगतो की ऑडिटची गरज नाही, आणि उद्योजक खर्च वाचला म्हणून समाधान मानतो. मात्र भारतीय गुंतवणूकदाराचे कंपनीवर नियंत्रण असेल तर एपीआर लेखापरीक्षित हिशेबांवरच आधारलेला लागतो. तिथल्या कायद्याची सूट इथे उपयोगी पडत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे कळले तर सिंगापुरात लेखापरीक्षक मिळणे कठीण आणि मिळाला तर महाग. म्हणून त्याची नेमणूक पहिल्याच वर्षी, आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी करून ठेवावी, आणि शक्य असल्यास वर्षअखेर ३१ मार्चच ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब एकाच वेळी बंद होतात.

कंपनी बंद करायची झाल्यास

व्यवसाय जमला नाही तर अक्राच्या नोंदवहीतून कंपनीचे नाव काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. देणी, कर आणि प्रलंबित विवरणपत्रे मिटवली असतील तर ही प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. पण सिंगापुरात नाव निघाले म्हणून भारतातला यूआयएन आपोआप बंद होत नाही. उरलेली रक्कम देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणावी लागते आणि ती मिळाल्यावर ३० दिवसांत निर्गुंतवणुकीची माहिती एडी बँकेला फॉर्म एफसीमध्येच द्यावी लागते. ती दिली नाही तर नोंदींत गुंतवणूक जिवंत राहते, आणि जी कंपनी अस्तित्वातच नाही तिचा एपीआर दरवर्षी थकत जातो. त्यामुळे सिंगापुरातला अर्ज करण्यापूर्वी एडी बँकेतील अधिकाऱ्याला भेटून तिथे कोणते कागद लागतील याची यादी लेखी घ्या, आणि सिंगापूरचे खाते बंद करण्यापूर्वी शेवटची रक्कम त्याच खात्यातून, यूआयएनचा उल्लेख करून, भारतात मागवा.